चहानंतरच्या सोंगट्या

चहाआधी टेबलावर निळ्या सोंगट्या अठ्ठावन्न होत्या, लाल चव्वेचाळीस आणि पांढऱ्या सात. टेबलाच्या कडेला स्टीलची ताटली होती आणि तिच्यात तीन निळ्या सोंगट्या आडव्या पडल्या होत्या. चहानंतर मी पुन्हा मोजलं. लाल चव्वेचाळीस, पांढऱ्या सात, निळ्या एकसष्ट. ताटलीत आता खारी होती.

मी तिसऱ्यांदा मोजलं. त्याने काही बदललं नाही.

मोजणं हीच माझी नोकरी आहे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला युद्धखेळ केंद्रात नोंद सहायक म्हणून घेतलं, त्याला तेव्हा अकरा आठवडे झाले होते. केंद्र सह्याद्रीतल्या एका पठारावर आहे. कुठल्या, ते लिहायला परवानगी लागते, आणि परवानगीचा अर्ज कुणाकडे करायचा हे केंद्रात कुणालाच ठाऊक नाही. मुख्य हॉल पूर्वी बॅडमिंटनचा होता. जमिनीवर कोर्टाच्या रेषा अजून दिसतात. त्या रेषांवर नऊ मीटर लांब टेबल मांडलेलं असतं आणि टेबलावर उत्तर सीमेवरची एक नदी, तिचे दोन काठ, चढ, रस्ते, सगळं वरच्या प्रोजेक्टरमधून पसरलेलं.

निळे म्हणजे आपण, लाल म्हणजे समोरचे, पांढऱ्या सोंगट्या म्हणजे मधली गावं. एक सोंगटी म्हणजे एक तुकडी. सोंगटीच्या तळाला चिप असते. ती टेबलावर ठेवली की तुकडी कुठे आहे ते यंत्राला कळतं, उचलून ताटलीत टाकली की तुकडी संपली असं कळतं. हॉलमधला एक तास म्हणजे नदीवरचा एक तास. दोन्ही बाजूंचे अधिकारी चाली सांगतात, कुणाचा मारा लागला आणि कुणाचा चुकला हे यंत्र ठरवतं. त्या सगळ्यांच्या वर मुख्य पंच, निवृत्त कर्नल राजाध्यक्ष. सोंगट्यांची काय गरज, पडद्यावर ठिपके दाखवा, असं यंत्र बसवणाऱ्यांनी सुचवलं होतं. हातात काही नसलं की माणूस जबाबदारी घेत नाही, असं म्हणून कर्नलसाहेबांनी ते उडवून लावलं.

ताटलीतल्या तीन सोंगट्यांपैकी एक पु-४ होती. नदीवर पूल टाकणारी चौथी कंपनी, माणसं एकशे अठरा. नऊ बावन्नला लाल ड्रोनच्या थव्याने ती संपवली. तिची कमांडर मेजर अश्लेषा सरनोबत टेबलापाशीच बसली होती. ही माझी सख्खी मोठी बहीण. नातेवाइकांचा तक्ता मी पहिल्याच दिवशी भरून दिला होता आणि त्यावर 'पाहिले' असा शिक्का मारून मिळाला होता.

संपल्यावर ताई चहाच्या टेबलापाशी सगळ्यांच्या आधी पोचली. मेलेल्यांना रांग नसते, असं एका कॅप्टनला ऐकवून तिने दोन खारी उचलल्या.

चहानंतर पु-४ पुन्हा नदीकाठी उभी होती.

मी हवालदार तुपेंना गाठलं. तुपे एकोणीस वर्षं या हॉलमध्ये आहेत. सोंगट्या पुसणं, मांडणं, कपाटात ठेवणं हे त्यांचं काम. ताटलीतल्या तीन सोंगट्या कुठे गेल्या, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे नव्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

"त्या चहाच्या आहेत, मॅडम."

"चहाच्या म्हणजे?"

"चहाआधी गेलेले चहानंतर उठतात. जेवणाआधी गेलेले जेवणानंतर. ज्याची त्याने ताटलीतनं उचलून ठेवायची. मी हात लावत नाही, नियम आहे."

हे उठण्याचं कुठे लिहिलेलं आहे का, असं मी विचारलं. त्यात लिहायचं काय, सगळ्यांना माहीत आहे, असं म्हणून ते सोंगट्या पुसायला लागले.

माझ्या वैतागाची सुरुवात इथे झाली. तो का आला हे कळायला यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं.

यंत्राचं नाव 'निर्णायक'. पाच वर्षांपूर्वी ते आलं. त्याआधी मारा लागला की नाही हे पंच फासा टाकून आणि तक्ते बघून ठरवत. निर्णायकला तक्ते कुणी दिले नाहीत. त्याला केंद्राच्या जुन्या खेळांच्या नोंदी वाचायला दिल्या आणि दरवर्षी नव्या देत गेले, आजवर बावीस वर्षांतले एकूण अकराशे सेहेचाळीस खेळ. प्रत्येक तुकडीची एका वेळी एकच अवस्था असते: उपलब्ध, जखमी किंवा नष्ट. एका अवस्थेतून दुसरीत ती किती वेळा गेली आणि किती वेळाने गेली, एवढंच यंत्र मोजतं. शंभरातले तीस रणगाडे पहिल्या तासात बिघडले आणि त्यातले वीस दुरुस्त होऊन परतले, तर पुढच्या खेळातही साधारण तसंच होईल असं ते धरून चालतं. मग तुम्ही त्याला नवी योजना द्यायची. यंत्र ती योजना अकरा मिनिटांत वीस हजार वेळा खेळून बघतं आणि किती वेळा जमली ते टक्क्यांत सांगतं. यात जादू काही नाही. नाणं एकदा उडवून काही कळत नाही, वीस हजार वेळा उडवलं की कळतं. अट एवढीच की नाणं खरं असायला हवं.

ब्रिगेडियर कुरियन यांच्या योजनेला निर्णायकने एक्याण्णव टक्के दिले होते. मूळ योजनेत पूल टाकणाऱ्या दोन कंपन्या होत्या, पु-४ आणि पु-७. दोन्ही घेतल्या तर साडेब्याण्णव आणि नुसती पु-४ घेतली तर एक्याण्णव, असं यंत्राने दाखवलं. दीड टक्क्यासाठी एक अख्खी कंपनी कशाला, म्हणून पु-७ योजनेतून काढून वाळवंटात पाठवली. ब्रिगेड सात आठवड्यांनी सीमेवर जाणार होती. खेळ तीन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी अंतिम फेरी आणि त्याच दिवशी पाच वाजता योजनेवर सही.

दुपारी मी पुलाच्या कंपन्यांच्या जुन्या नोंदी काढल्या. बावीस वर्षांत त्या चारशे अडतीस वेळा नष्ट झाल्या होत्या आणि त्यातल्या चारशे बारा वेळा 'पुन्हा उपलब्ध' झाल्या होत्या. म्हणजे पूल टाकणारी कंपनी नष्ट झाली तर ती परत येण्याची शक्यता शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. लागणारा वेळ सरासरी एक तास चाळीस मिनिटं. यंत्राने हे इमानदारीने शिकून घेतलं होतं. वीस हजार फेऱ्यांमध्ये ताईची कंपनी मरत होती, साधारण पावणेदोन तासांत उठत होती आणि पूल पुरा करत होती.

किती वेळाने परतली, एवढंच यंत्र बघत होतं. घड्याळात तेव्हा किती वाजले होते, हे त्याला कुणी बघायला सांगितलं नव्हतं. मी ते बघितलं. चारशे बारापैकी तीनशे एकोणनव्वद वेळा कंपनी साडेअकरा ते अकरा पस्तीसच्या मध्ये जिवंत झाली होती. उरलेल्या तेवीस वेळा दोनच्या सुमाराला. चहाची सुट्टी अकरा ते साडेअकरा असते, जेवण एक ते दोन.

मी आलेख छापला. साडेअकरावर एक उंच सुळका, दोनवर एक टेकाड आणि बाकी सपाट.

कर्नल राजाध्यक्षांनी आलेख बघितला आणि चष्मा काढला. त्यांना तो एका क्षणात कळला, हे मला सांगायला हवं. ते मूर्ख नाहीत. मूर्ख असते तर मला इतका त्रास झाला नसता.

"सरनोबत, नदी ओलांडायला पूल लागतो," ते म्हणाले. "पूल दहा वाजता गेला तर दोनशे चौदा अधिकाऱ्यांनी उरलेले अडीच दिवस काय करायचं, भेंड्या खेळायच्या?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. युद्धखेळ भविष्य सांगायला नसतो. माणसाला ठरवायची सवय लागावी म्हणून तो असतो. पूल गेला, ही एक शिकवण झाली. आता समजा पूल आहे, तर पलीकडे उतरल्यावर काय कराल, ही दुसरी. म्हणून पंच मेलेल्यांना उठवतो. त्यांना त्यांच्या पंचांनी हेच शिकवलं आणि त्या पंचांना त्यांच्या.

मला हे पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच वैताग आला. सरावाच्या खेळात मेलेल्याला उठवणं बरोबरच होतं. पण 'समजा' हा शब्द नोंदवहीत कुठेच नव्हता. नोंदवहीत 'शेरा' असा रकाना आहे. बावीस वर्षं तो कोरा होता. दुरुस्त होऊन आलेला रणगाडाही 'पुन्हा उपलब्ध' आणि पंचांच्या मर्जीने उठलेली एकशे अठरा माणसंही 'पुन्हा उपलब्ध'. हॉलमधल्या प्रत्येकाला फरक माहीत होता, म्हणून कुणी लिहिला नाही. यंत्र बनवणारे दुसऱ्या शहरात बसतात. ते चहाला कधी आलेच नाहीत. त्यांनी फक्त वह्या मागवल्या.

कर्नलसाहेब म्हणाले, संगणक विभागाला कळवा.

मी कळवलं. त्रुटी कळवायचा अर्ज पडद्यावर भरायचा असतो आणि त्यात त्रुटीचा प्रकार निवडावा लागतो: यंत्र, माणूस, हवामान. मी 'माणूस' निवडलं. अर्ज शिस्तपालन विभागाकडे गेला आणि दोषी व्यक्तीचं नाव, हुद्दा व सध्याचा पत्ता कळवा, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा अर्ज भरला आणि 'यंत्र' निवडलं. चाळीस मिनिटांत उत्तर आलं. यंत्राची पडताळणी झालेली आहे, शंभर जुन्या खेळांच्या निकालांशी यंत्राचे निकाल चौऱ्याण्णव टक्के जुळतात, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही.

जुन्या खेळांमध्येही चहा होताच की. ज्या फूटपट्टीने मोजून कापड कापलं, तीच पुन्हा लावून माप बरोबर आहे असं ते मला कळवत होते. मी हे तीन वाक्यांत लिहून पाठवलं. यावेळी उत्तर आलं नाही. अर्जापुढे 'निकाली' असं हिरव्या अक्षरात उमटलं.

सरावासाठी निर्णायकची एक छोटी प्रत आम्हाला वापरता येते. तिच्यावर एका वेळी पाचशेच फेऱ्या होतात. मी त्या चारशे बारा ओळी काढून टाकल्या आणि योजना चालवली. एकतीस टक्के. पाचशे फेऱ्यांमध्ये चार टक्के इकडे तिकडे होऊ शकतात. साठ टक्के इकडे तिकडे होऊ शकत नाहीत.

तो आकडा घेऊन मी दुपारी पुन्हा कर्नलसाहेबांकडे गेले. त्यांच्यापुढे माझा नातेवाइकांचा तक्ता होता. अकरा आठवडे कुणी न वाचलेला कागद नेमका त्या दिवशी वाचला गेला होता.

"उद्या पाचला सही आहे," ते म्हणाले. "आणि आज तुम्ही म्हणताय की तुमच्या बहिणीच्या कंपनीला पाठवू नका. हे कसं दिसेल?"

मी म्हणाले की मी असं म्हटलेलं नाही. आकडा चुकीचा आहे एवढंच म्हटलं.

"ऐकणाऱ्याला दोन्ही एकच ऐकू येईल."

त्यांनी आलेख मला परत दिला. नीट, दुमडून.

संध्याकाळी पाचला खेळ थांबला की ताई पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारते. सहाशे मीटरची एक फेरी. पठारावर वारा इतका असतो की टोपी हातात धरून चालावं लागतं. दुसऱ्या फेरीला मी तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही, चालण्याचा वेगही कमी केला नाही.

"आम्ही किती वेळा उरतो?" तिने विचारलं.

"अडतीस टक्के."

"म्हणजे दहातल्या सहा वेळा आमचा निकाल."

"बासष्ट टक्के."

"तू ना, आईच्या पोटातनं दशांश चिन्ह घेऊन आलीस." ती हसली नाही. "पु-७ काढली तेव्हाच मला विचित्र वाटलेलं. पण म्हटलं, यंत्र सांगतंय."

मग मी तिला जे सांगायला आले होते ते सांगितलं. कंपनीची तयारी अपुरी आहे असं तिने लिहून द्यावं. कमांडरने लिहून दिलं की तपासणी होते, तपासणीला दोन महिने जातात, तोवर ब्रिगेड निघून गेलेली असते. मी नियमांची सेहेचाळीस पानं वाचून हा रस्ता शोधला होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

ताई थांबली.

"माझी कंपनी दोन तास सव्वीस मिनिटांत पूल टाकते. अख्ख्या ब्रिगेडीत कुणी टाकत नाही. आणि मी लिहून देऊ की आम्ही तयार नाही?"

तिने पुन्हा चालायला सुरुवात केली.

"मी नाही गेले तर पु-२ जाईल. तिथे देवय्या आहे. त्यालापण बहीण आहे, शरू. ती स्टॅटिस्टिक्स शिकली नाही, एवढाच फरक."

मी म्हणाले की मला देवय्या माहीत नाही.

"तेच म्हणतेय मी. तुला आकडा बरोबर करायचाय का मला घरी न्यायचंय, ते आधी ठरव. दोन्ही एकाच अर्जात लिहू नकोस. राजाध्यक्ष बरोबर बोलतोय, तशा अर्जाला वास येतो."

मी म्हणाले, आकडा. त्यात मी किती खरं बोलले, याचं माप माझ्याकडे नाही.

पुढची अर्धी फेरी झाली. मग तिने विचारलं की ताटलीतली सोंगटी टेबलावर कुणी ठेवायची, याचा नियम नक्की काय आहे. नियम तेवीस मला पाठ होता. सोंगटी टेबलावर ठेवण्याचं काम त्या तुकडीच्या कमांडरनेच करावं, इतर कुणीही करू नये.

"पंच म्हणतो आणि आम्ही ठेवतो," ती म्हणाली. "गंमतच आहे. अकरा वर्षांत स्वतःला किती वेळा उचलून ठेवलं असेल मी."

तिसऱ्या दिवशी अंतिम फेरी साडेआठला सुरू झाली. पु-४ दहा सातला गेली. ताईने सोंगटी ताटलीत ठेवली आणि हाताची घडी घालून बसून राहिली. अकराला चहा झाला. चहाआधी टेबलावर निळ्या अठ्ठावन्न होत्या, ताटलीत तीन. साडेअकराला दोन कमांडरांनी आपापल्या सोंगट्या उचलून टेबलावर ठेवल्या. ताईने पु-४ उचलली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

कर्नल राजाध्यक्षांनी हात पुढे केला. "मेजर, सोंगटी."

"सर, मी दहा वाजून सात मिनिटांनी मेले."

काही जण हसले.

"चहा झाला आता."

"झाला सर, चांगला होता. पण मी अजून मेलेलीच आहे. माझी माणसंपण."

हसणं थांबलं. ब्रिगेडियर कुरियनना मराठी कळत नाही. त्यांनी शेजारच्याला काय चाललंय ते विचारलं आणि शेजारच्याने हळू आवाजात काहीतरी भलतंच सांगितलं. कर्नलसाहेब तुपेंकडे वळले आणि जादा सोंगटी आणायला सांगितली. तुपे सावधान झाले.

"साहेब, जादा सोंगटी भांडारात आहे. मागणीपत्रावर भांडार अधिकाऱ्यांची सही लागते. ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत."

तुपेंच्या उजवीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, पुलाच्या तीन जादा सोंगट्या असतात. मी दर शुक्रवारी मोजते. मी कपाटाकडे बघितलं नाही.

मग कर्नलसाहेब माझ्याकडे वळले. पु-४ उपलब्ध आहे अशी हाताने नोंद करा, असं त्यांनी सांगितलं. हातनोंद करायचा अधिकार नोंद सहायकाला असतो. मुख्य पंचांचा हुकूम नाकारायचा नसतो. दोनशे चौदा माणसं माझ्याकडे बघत होती, त्यांत ताईही. तिच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

"करते, सर," मी म्हणाले. "शेऱ्यात असं लिहिते: अकरा चौतीस. तुकडी नष्ट आहे. मुख्य पंचांच्या हुकमाने, खेळ पुढे जावा म्हणून, उपलब्ध समजली. बरोबर आहे?"

कर्नलसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मी वेळ मोजला नव्हता, पण यंत्राच्या नोंदीत ती शांतता अकरा सेकंदांची आहे.

"लिहू नका," ते म्हणाले. मग ते ब्रिगेडियरांकडे वळले आणि इंग्रजीत, पंचाच्या आवाजात, म्हणाले की पूल नाही, कृपया आपली पुढची चाल सांगावी.

पुढची चाल नव्हती. अलीकडच्या काठावर तेवीस निळ्या सोंगट्या एकामागे एक उभ्या होत्या आणि लाल बाजूने त्या एकेक करून टिपायला सुरुवात केली. पावणेबाराला ब्रिगेडियरांनी पु-७ कुठे आहे असं विचारलं. कुणीतरी सांगितलं, वाळवंटात. साडेबारापर्यंत ताटलीत एकावर एक अशी सोंगट्यांची रास झाली आणि तुपेंनी स्वयंपाकघरातून परात आणली. जेवणाच्या दहा मिनिटं आधी ब्रिगेडियर कुरियन यांनी नकाशावरून नजर न काढता विचारलं की ते एक्याण्णव टक्के मुळात आले कुठून.

कर्नलसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी तीन मिनिटं बोलले. साडेअकराचा सुळका पडद्यावर आल्यावर लोक हसले आणि ब्रिगेडियर हसले नाहीत हे बघून थांबले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: हे किती जणांना माहीत होतं? कर्नल राजाध्यक्ष म्हणाले, सगळ्यांना, सर.

सही आठ दिवस पुढे गेली. त्या आठ दिवसांत तुपे आणि मी बावीस वर्षांच्या वह्या घेऊन बसलो. मी ओळ वाचायची आणि दुरुस्त होऊन आले की चहाचे, ते तुपेंनी सांगायचं. पहिल्या तीन वर्षांचं, त्यांच्या आधीचं, कर्नलसाहेबांनी स्वतः येऊन सांगितलं. वीस हजार फेऱ्या पुन्हा झाल्या. नुसती पु-४ घेतली तर तीस पूर्णांक सहा टक्के. पु-७ सोबत घेतली तर सत्तावन्न पूर्णांक दोन. पु-७ वाळवंटातून परत बोलावली. नोंदवहीत 'कुणी ठेवली, का ठेवली' असा नवा रकाना आला. शिस्तपालन विभागाकडून दोषी व्यक्तीचा पत्ता मागणारं स्मरणपत्रही आलं. सरकारी सोंगटी खिशात घालून हॉलबाहेर नेल्याबद्दल ताईला लेखी ताकीद मिळाली. तिने ती फोटो काढून मला पाठवली आणि खाली लिहिलं की एका लेखी ताकिदीत एक कंपनी मिळाली, वाईट नाही.

आधी कोण जाणार, हे ब्रिगेडियरांनी दोन्ही मेजरना समोर बसवून विचारलं. पु-७ ला पूल टाकायला दोन तास एक्कावन्न मिनिटं लागतात. ताईने स्वतःहून आधी जायचं मागून घेतलं. मला हे तिने टाकीभोवतीच्या चौथ्या फेरीत सांगितलं. मी म्हणाले की सत्तावन्न हा योजनेचा आकडा आहे, तिच्या कंपनीचा अजूनही अडतीसच आहे. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच दुसरी कंपनी मागे आहे. तिने टोपी खिशात कोंबली आणि फोनवर आईला यातलं काही सांगू नकोस असं बजावलं. आईने रविवारी फोनवर विचारलं की तुमचा दोघींचा खेळ कसा चाललाय. मी म्हटलं, चाललाय.

ब्रिगेड निघण्याआधीचा शेवटचा खेळ बावीस दिवसांनी झाला. पु-७ मिळून निळ्या सोंगट्या बासष्ट होत्या. सुरुवात साडेआठला. पु-४ नऊ अठ्ठेचाळीसला ताटलीत गेली. पु-७ चा पूल बारा त्रेचाळीसला पुरा झाला. चहाआधी टेबलावर निळ्या सोंगट्या छप्पन्न, ताटलीत सहा. चहानंतर टेबलावर छप्पन्न, ताटलीत सहा.